जुन्या फियाटचे अस्सल सुटे भाग : मराठवाड्यात बसून ते कसे जमवायचे

मराठवाड्यात इटालियन गाडी म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा फियाटच. एखाद्या वकिलाच्या वाड्यात, जिनिंगच्या बंद गोडाउनमध्ये, नाहीतर शेतातल्या आखाड्यावर कडब्याच्या गंजीआड उभी असते. ती वारशानं किंवा हौसेनं हाती आली की नवखा माणूस पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर इटलीतली दुकानं शोधायला लागतो. थोडं थांबा. इटलीची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत येतच नाही.

अस्सल भाग म्हणजे तुमची गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्यावर जो होता तो. तुमची फियाट तुरिनहून आलेली नाही, ती मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली आहे. तिच्यावर कारखान्यानं लुकास टीव्हीएसचा डायनमो बसवला असेल तर अस्सल तोच. तो काढून इटलीचा मारेल्ली बसवला की गाडी महाग होते, जास्त अस्सल होत नाही. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की असली की निम्मा खर्च वाचतो.

आधी गाडी ओळखा

आरसी पुस्तकावर नुसतं 'फियाट' लिहिलेलं असतं आणि आपण तेवढ्यावर खूश असतो. भाग मागायला गेलात की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, 'कुठली? डुक्कर, डिलाइट का पद्मिनी?'

फियाटनं 1100-103 हे मॉडेल 1953 मध्ये बाहेर काढलं आणि पुढच्याच वर्षापासून ते प्रीमियरकडे जुळायला लागलं. पन्नाशीच्या दशकातल्या या गोलमटोल गाड्या म्हणजे आपली 'डुक्कर' फियाट. तिची पुढची दारं उलटी, मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली. 1964 मध्ये आली 1100 डिलाइट, चौकोनी अंगाची, मागे शेपटासारख्या कडा असलेली. तीच पुढे काही काळ प्रेसिडेंट आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी या नावानं विकली गेली. पद्मिनी 2000 च्या सुमारापर्यंत बनत होती. म्हणजे डिलाइट आणि पद्मिनी या एकाच घरातल्या. त्यांचा मूळ सांगाडा एक, पण जाळी, बंपर, लाइटच्या रिंगा, डॅशबोर्ड आणि मोनोग्राम वर्षावर्षानं बदलत गेले. डुक्करचा पत्रा मात्र या दोघींपैकी कुणालाच लागत नाही. ऐंशी-नव्वदीतली प्रीमियर 118 एनई ही तर वेगळीच, तिची बॉडी फियाट 124 ची आणि इंजिन निस्सानचं. 'फियाटचंच आहे साहेब' म्हणत कुणी तिचा भाग तुमच्या गळ्यात मारत असेल तर हसून पुढे व्हा.

बॉनेट उघडून फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची, प्लेट आणि ठोकलेले नंबर पुसून घ्या, फोटो काढा, आरसीशी ताडून बघा. इंजिन नंबर जुळत नसेल तर घाबरू नका. या गाड्यांची इंजिनं पन्नास वर्षांत सर्रास बदलली गेली आहेत. फक्त तो बदल आरटीओच्या दप्तरी नोंदवलेला आहे का, ते आत्ताच बघून ठेवा. रंगाचं झाल्यावर ही भानगड निघाली तर जास्त त्रास होतो.

गाडी खोलण्याआधी

गाडी खोलायची घाई मिस्त्रीला असते, तुम्हाला नको. प्रत्येक भाग जागेवर असताना फोटो काढा. वायरिंगचे, नळ्यांचे आणि क्लिपांचे जास्त. निघालेला प्रत्येक बोल्ट झिपच्या पिशवीत, पिशवीत कागद, कागदावर जागेचं नाव. मग वहीत यादी करा आणि प्रत्येक भागासमोर एकच शब्द लिहा : राहील, दुरुस्त होईल, शोधायचा, किंवा बनवायचा. 'शोधायचा' ही यादी जितकी लहान तितकं बरं. गंजलेला मूळ भाग दुरुस्त होत असेल तर तो नव्याकोऱ्या नकलेपेक्षा केव्हाही अस्सल. तुटका मोनोग्राम किंवा चेपलेली व्हील कॅपसुद्धा टाकू नका. भाग बनवून घ्यायची वेळ आली तर नमुना म्हणून तोच लागणार आहे.

बोल्टांबद्दल एक सांगायलाच हवं. फियाट मिलिमीटरची गाडी आहे. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्र्यांचा हात बसलाय अँबेसिडर आणि जीपवर, त्या इंचाच्या. शिवाय फियाटमध्ये 10 मिलिमीटरच्या बोल्टला 1.25 चा बारीक आटा असतो आणि हार्डवेअरच्या दुकानात त्याच जाडीचा मिळतो 1.5 चा. तो दोन-तीन फेरे गोडीत जातो, मग पान्याच्या जोरावर जातो, आणि ब्लॉकमधला आटा घेऊन बाहेर येतो. पिच गेज, म्हणजे आटा मोजायची पट्टी, स्वस्तात मिळतं. ते खिशात ठेवा आणि उस्तादांच्या हातात पाना जाण्याआधी बोल्ट मोजा.

पत्रा आपल्याकडे, इंजिनचा माल मुंबईत

मराठवाड्याचं ऊन रबराचा आणि रंगाचा जीव घेतं, पण पत्रा वाचवतं. मुंबईच्या दमट हवेत तीस वर्षं रस्त्यावर राहिलेल्या गाडीचा फ्लोअर आणि फूटबोर्डखालचा पत्रा बोटानं पडतो. परभणी-हिंगोलीकडे शेडमध्ये उभी राहिलेली गाडी टायर फुटलेली, सीट उंदरांनी खाल्लेली असेल, पण तिची दारं आणि मडगार्ड बहुधा धड निघतात. म्हणून दारं, बॉनेट, डिकी, मडगार्ड आपल्या आठ जिल्ह्यांतच शोधा.

शोधायचं कसं? जाहिरातीवर विसंबू नका. जुन्या दवाखान्यांचे कंपाउंडर, तालुक्याच्या कोर्टातले नोटरी, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले फिटर, आणि प्रत्येक गावातला सगळ्यात जुना वेल्डिंगवाला यांना विचारा. साठ-सत्तरच्या दशकात तालुक्यात गाडी कुणाकडे होती हे यांना पाठ असतं. मालकाकडे गेलात की पहिल्याच भेटीत 'दारं तेवढी द्या' म्हणू नका. वडिलांची गाडी सुटी करून न्यायला आलेला माणूस कुणालाच आवडत नाही. चहा घ्या, गाडीची गोष्ट ऐका, तुमच्या गाडीचे फोटो दाखवा. 'काका, गाडी जिवंत करायलोय, मोडायला नाही' हे त्यांना पटलं तर भाग मिळतो, आणि कधीकधी माळ्यावरचं कंपनीचं हँडबुकही हाती पडतं.

पत्रा घेताना लोहचुंबक बरोबर न्या. चुंबक चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. दाराची खालची कड, मडगार्डची चाकाकडची कड, डिकीतला स्टेपनीचा खड्डा आणि जॅक लावायची जागा खालून बघा. कारखान्याचं स्पॉट वेल्डिंग सारख्या अंतरावर गोल ठिपक्यांचं असतं. त्या जागी पितळी वेल्डिंगचा ओघळ दिसला तर तो पत्रा एकदा बदललेला आहे.

इंजिन, गिअर, ब्रेक, क्लच यांचा माल मुंबईत. कारण उघड आहे. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईत ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून गेली. एवढी वर्षं हजारो टॅक्सींना माल पुरवणारी दुकानं आणि गॅरेजं त्या शहरात होती, आणि त्यांची कपाटं एका दिवसात रिकामी होत नाहीत. कुर्ल्याचा भंगार बाजार, चोर बाजार, टॅक्सीच्या जुन्या गॅरेजांचे मालक असा फेरा मारा. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे घड्याळं, मोनोग्राम, हॉर्न, आरसे असा बारीक माल मिळून जातो. नांदेड-परभणीकरांनी सिकंदराबाद-हैदराबादही धरावं. देवगिरी एक्सप्रेसच्या एका बाजूला मुंबई आहे आणि दुसऱ्या बाजूला सिकंदराबाद-हैदराबाद, दोन्हीकडचा माल घरी आणायला याहून सोयीची गाडी नाही.

टॅक्सीचं सिलिंडर हेड घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. पुष्कळ टॅक्सी शेवटची वर्षं सीएनजीवर धावल्या, आणि कोरड्या गॅसनं व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडा, आत बसतात. हेड उलटं करून सीटची खोली एकसारखी आहे का ते बघा. तडा बघायचा तर नुसत्या नजरेवर जाऊ नका, लेथवाल्याकडे प्रेशर टेस्ट करून घ्या.

खोका बोलतो

आता खऱ्या-खोट्याचं. 'कंपनी माल आहे, पॅक आहे' हे वाक्य या धंद्यात रोज ऐकायला मिळतं. माल बघण्याआधी खोका वाचा. त्यावरचा पत्ता सगळ्यात खरं बोलतो. भारतात पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. पत्त्यात 'बॉम्बे-70' असं जुनं झोन असेल तर खोका साधारण त्याआधीचा, 400070 असेल तर नक्की त्यानंतरचा. पत्त्यात 'मुंबई' छापलं असेल तर 1995 नंतरचा, 'चेन्नई' असेल तर 1996 नंतरचा. प्लग किंवा पॉइंटच्या खोक्यावर मायको असेल तर तो माल जुना, कारण त्या कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश झालं. विक्रेता '68 सालचा पीस' म्हणत असेल आणि खोक्यावर सहा आकडी पिन असेल तर भाव तिथेच निम्म्यावर आणा.

मग माल. ओतीव भागावर कंपनीची खूण आणि पार्ट नंबर साच्यातूनच उठलेले असतात; नकलेवर ते नंतर पंचानं ठोकलेले, ओळ वाकडी. मूळ मोनोग्राम जड असतो आणि त्याची मागची बाजूही साफ असते. नक्कल हलकी, प्लास्टिकवर चकाकी मारलेली, मागच्या पिना ठिसूळ. मोनोग्राम आणि जाळी यांच्याच नकला सगळ्यात जास्त फिरतात, कारण हौशी लोक आधी तेच घेतात.

आणि एक उलटी गोष्ट : सीलबंद जुना रबरी माल अस्सल असला तरी घेऊ नका. ब्रेकचे कप, व्हील सिलिंडरची किट, नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा हे सगळं चाळीस वर्षं खोक्यात राहून मेलेलं असतं. ते नवंच घ्यायचं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला खातं. नळी आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचाच मागा. व्हॉल्व्ह सीटचंही तसंच. जुन्या नरम सीटला पेट्रोलमधल्या शिशाचा आधार होता. शिसंयुक्त पेट्रोल 2000 मध्ये बंद झालं, त्यामुळे हेड खोललंच आहे तर कडक सीट बसवून घ्या. बाहेरून काही दिसत नाही.

जे मिळत नाही ते वाळूजला

इथे आपलं भाग्य आहे. 1985 मध्ये बजाजचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आला आणि त्याच्यामागे शेकडो लहान कारखाने उभे राहिले. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यात लेथ, ग्राइंडिंग, रबर मोल्डिंग, प्लेटिंग, स्प्रिंग असं काय होत नाही? अडचण एवढीच की ते हजारांच्या ऑर्डरीवर जगतात आणि तुम्ही दोन बुशिंगा घेऊन जाता. म्हणून मोठ्या गेटवर न जाता मागच्या गल्लीतल्या दोन-तीन मशिनींच्या शेडमध्ये जा, आणि शनिवारी जा. आठवड्याची डिलिव्हरी गेलेली असते, मालक निवांत असतो.

नमुना द्या, शक्य असेल तर न झिजलेल्या बाजूचा. झिजलेल्या बुशवरून बनवलेला नवा बुश जन्मतःच झिजलेला निघतो. दारा-काचांच्या रबरासाठी आडव्या छेदाचा तुकडा कापून द्या आणि रबर कुठलं हवं ते सांगा : उन्हापावसात राहणाऱ्या बीडिंगला ईपीडीएम, तेल-पेट्रोल लागणाऱ्या जागी नायट्राइल. गल्लत झाली तर आपल्या मे महिन्यात बीडिंग पापडासारखं तडकतं. बंपरचं क्रोम करताना तांबं, निकेल, क्रोम असे तिन्ही थर मागा. थेट क्रोम मारून दिलं की दिवाळीला चमकतं आणि पुढच्या पावसाळ्यात फुगतं. पॉलिशवाल्याला आधीच सांगा की कडा गोल करू नको. मूळ बंपरची धारदार कड एकदा बफिंगमध्ये गेली की परत येत नाही.

ज्या गोष्टी बनवून घेतल्या त्यांची वहीत नोंद ठेवा. पुढे गाडी विकायची झाली किंवा कुठल्या रॅलीत परीक्षकानं विचारलं तर 'हे बनवलेलं आहे' असं सरळ सांगता येतं. बनवलेला भाग मूळ म्हणून खपवणं आणि नकली माल विकणं यात फरक नाही.

इटलीला कधी जायचं

डुक्कर फियाटवाल्यांना इटलीची गरज खरी पडते. सुरुवातीच्या गाड्यांतला बराच माल तिकडूनच आलेला, मीटर-घड्याळं वेग्लिया या इटालियन कंपनीची. इटलीत जुन्या गाड्यांचे मेळे मोठे भरतात. पादोव्यात वर्षानुवर्षं भरणारा 'ऑटो ए मोटो द'एपोका' मेळा 2023 पासून बोलोन्यात भरतो, आणि तिथले विक्रेते ऑनलाइनही माल पाठवतात.

पण मागवण्याआधी दोन खड्डे ओळखा. पहिला इंजिनचा. इटलीत 1962 मध्ये आलेल्या 1100 डी मध्ये 1221 सीसीचं इंजिन होतं. आपल्या डिलाइट-पद्मिनीत 1089 सीसीचं. स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्हींचा 75 मिलिमीटर, पण त्यांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 72 आणि आपला 68. म्हणजे 'फियाट 1100 डी, 1965' एवढंच लिहून पिस्टन मागवले तर सुंदर खोक्यात, कस्टम भरून, चार निरुपयोगी पिस्टन घरी येतील. इटलीत 1966 ला आलेल्या 1100 आर मध्ये पुन्हा 1089 सीसी होतं, तेव्हा त्या नावानं विचारा. तरी पिस्टनचा व्यास, पिनचा व्यास आणि पिनपासून माथ्यापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये कळवा, फोटो पाठवा. ब्लॉक आधी बोअर केलेला असेल तर ओव्हरसाइजचा आकडा बहुधा जुन्या पिस्टनच्या माथ्यावर असतो.

दुसरा खड्डा स्टिअरिंगचा. त्यांचं डावीकडे, आपलं उजवीकडे. डॅशबोर्ड, स्टिअरिंग बॉक्स, पेडल, वायपरची जोडणी हे तिकडचं इथे बसत नाही. असे भाग हवे असतील तर इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियातल्या फियाटवाल्यांकडे बघा, तिथेही गाडी उजव्या हाताची.

मागवताना नवा माल मागवा. वापरलेला माल आयात करण्यावर निर्बंध आहेत आणि पार्सल कस्टममध्ये अडकलं की सोडवायचा खर्च भागापेक्षा जास्त होतो. इनव्हॉइसवर भागाचं नाव, किंमत आणि 'नवीन' हा शब्द स्पष्ट असू द्या. विक्रेता 'गिफ्ट लिहून पाठवतो' म्हणाला तर नको म्हणा.

कागद

पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून जास्त झाली असतील तर 2021 च्या केंद्रीय नियमांखाली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. व्हिंटेज नोंदणीची फी 20000 रुपये, पुढच्या फेरनोंदणीला 5000. नोंदणी दहा वर्षांची. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्यानं नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार नको. टॅक्सीवाल्यांच्या सल्ल्यानं डिझेल इंजिन बसवलेली फियाट इथे अडते. आणि व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज मंडईला न्यायची नसते. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. रोज चालवायची असेल तर नेहमीची नोंदणीच पाच-पाच वर्षांनी वाढवत राहा.

प्रत्येक भागाचं बिल घ्या, भंगारवाल्याकडून साध्या कागदावर का होईना, तारीख आणि सहीसकट. चासी नंबरची प्लेट कुणी विकायला काढली तर घेऊ नका, कितीही अस्सल असली तरी. दुसऱ्या गाडीची प्लेट आपल्या गाडीवर लावणं हा सरळ गुन्हा आहे. आणि भागांसाठी अख्खी गाडी विकत घेतली असेल तर तिचा सांगाडा भंगारात जाण्याआधी मूळ मालकाला बरोबर घेऊन आरटीओत जा. गाडी कायमची निकामी झाली की 14 दिवसांत कळवून तिची नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. ते केलं नाही तर त्या नंबरचा कर आणि पुढचे लखोटे त्या बिचाऱ्या काकांच्या पत्त्यावर येत राहतात, आणि पुढच्या गावात तुम्हाला कुणी दार देत नाही.